संकल्प मोडल्यानंतरचा दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सिगारेट सोडणे अगदी सोपे आहे, मी आतापर्यंत शेकडो वेळा सोडली आहे, हा विनोद आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. तो मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाच्या नावावर सांगितला जातो, पण त्याच्या लेखनात तो सापडत नाही. विनोद कोणाचाही असो, त्यावर हसणारी माणसे दोन प्रकारची असतात. ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही ती मोकळेपणाने हसतात. ज्यांनी ती सोडून पुन्हा धरली, ती जरा ओशाळून हसतात.

आज मी या दुसऱ्या प्रकारच्या माणसांविषयी बोलणार आहे. पाडव्याला किंवा एक जानेवारीला सोडली, तीन आठवडे निभावून नेले, मग एखाद्या लग्नात, घरातल्या भांडणानंतर किंवा रात्रपाळीच्या चहाबरोबर एक ओढली, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट पुन्हा खिशात आले. अशा माणसाला घरचे काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. तो स्वतःला जे म्हणतो ते त्याहून कडक असते. ‘आपल्याच्याने हे होणार नाही’ या एका वाक्यावर तो पुढची पाच-दहा वर्षे काढतो. त्या वर्षांत फुप्फुसे आणि हृदय आपापला हिशेब मांडतच असतात.

हे वाक्य त्याच्या तोंडी आले कुठून? ते त्याचे एकट्याचे नाही. तंबाखू सोडून पुन्हा धरणाऱ्या माणसाकडे जगाने गेली चारशे वर्षे ज्या नजरेने पाहिले, तिचा तो उरलेला गाळ आहे. ही नजर कशी बदलत गेली, ते आज पाहू या.

तंबाखू अमेरिका खंडातून युरोपात आणि तिथून पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. उत्तरेकडच्या दरबारात ती पोहोचली ती आपल्या दख्खनमधून. अकबराचा सरदार असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापूरच्या आदिलशाहीत गेला होता. तिथे त्याला ही नवलाई दिसली, आणि परतताना त्याने तंबाखू व एक रत्नजडित चिलीम बादशहापुढे ठेवली. अकबराने थोडे झुरके घेतले, हकिमांनी विरोध केला. सरदारांना मात्र ती आवडली. पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली.

या बंदीची एक गंमत खुद्द जहांगीरने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. इराणच्या शाह अब्बासानेही आपल्या राज्यात तंबाखूला मनाई केली होती. जहांगीरचा वकील खान आलम त्या दरबारात होता आणि तो तर तंबाखूशिवाय क्षणभर राहू शकत नसे. ही गोष्ट शाहाच्या कानावर घालण्यात आली. शाहाने काय करावे? त्याने उत्तरादाखल एक शेर लिहिला आणि मित्राच्या वकिलाला सूट दिली. एका बादशहाने बंदी घातली, दुसऱ्यानेही घातली, आणि दोघांच्या मधला माणूस ओढतच राहिला. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि जबर कर बसवला. तुर्कस्तानचा सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये बंदी केली, तिला मृत्युदंडाची जोड होती. तंबाखू कुठेच संपली नाही. राजांच्या लेखी तो गुन्हा होता. आणि ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, अशा माणसासाठी त्यांच्या कायद्यात वेगळी जागा नव्हती.

राजांच्या मागून उपदेशक आले. आता तंबाखू हा गुन्हा राहिला नाही, तो चारित्र्याचा दोष झाला. अमेरिकेत मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने १९१४ मध्ये सिगारेटविरुद्ध पुस्तिका छापली. तिच्यात थॉमस एडिसनचे पत्र होते : सिगारेट ओढणाऱ्या माणसाला मी कामावर ठेवत नाही. हाच एडिसन स्वतः सिगार ओढत असे आणि तंबाखूही चघळत असे! पण त्याच्या मते दोष सिगारेटच्या जळत्या कागदात होता. आपले व्यसन वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे, ही समजूत किती जुनी आहे पाहा.

चारित्र्याचाच प्रश्न असता, तर बुद्धिमान आणि करारी माणसांना सिगारेट सहज सोडता आली असती. इथे एका माणसाची हकीकत सांगण्याजोगी आहे. मनाच्या अंधाऱ्या खोल्यांत दिवा घेऊन शिरलेला डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड याने चोविसाव्या वर्षी सिगारेट धरली आणि लवकरच तो सिगारवर गेला. दिवसाला वीसेक सिगार ही त्याची सवय. १८९३ च्या सुमारास त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. बर्लिनचा मित्र डॉक्टर विल्हेल्म फ्लीस याने धूम्रपान बंद करायला सांगितले. फ्रॉइडने बंद केले, काही आठवडे काढले, त्या काळात हृदयाचा त्रासही झाला आणि मन इतके खिन्न झाले की जगणे नकोसे वाटू लागले. मग त्याने पुन्हा सिगार पेटवला. फ्लीसला लिहिलेल्या पत्रांत ही सारी ओढाताण आहे. सिगारशिवाय आपल्याला काम सुचत नाही, ही त्याची सबब होती, आणि ती त्याने आयुष्यभर सोडली नाही.

१९२३ मध्ये त्याच्या जबड्यातली गाठ काढावी लागली. तो कर्करोग होता. पुढची सोळा वर्षे तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तोंडात कृत्रिम टाळू बसवावा लागला, बोलणे-खाणे जड झाले. मधे १९३० मध्ये हृदयाने पुन्हा इशारा दिला तेव्हा त्याने सिगार सोडले, आणि तेही टिकले नाही. १९३९ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये तो गेला. दुसऱ्याच्या मनाची गाठ सोडवायला बसलेल्या या माणसाला आपली ही एक गाठ सुटली नाही. त्याला आपण इच्छाशक्ती नसलेला म्हणणार का? नाझींच्या व्हिएन्नातून म्हातारपणी बाहेर पडून, जबडा पोखरलेला असताना जो शेवटपर्यंत लिहीत राहिला, त्याच्याकडे इच्छाशक्ती नक्कीच होती. त्याच्या काळात या व्यसनाविषयीचे ज्ञान मात्र नव्हते.

ज्या १९२३ मध्ये फ्रॉइडच्या तोंडात पहिली सुरी चालली, त्याच वर्षी इटलीतल्या त्रिएस्त या बंदराच्या गावच्या एका लेखकाची कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखकाचे नाव इतालो स्वेवो. हे टोपणनाव, खरा माणूस एत्तोरे श्मित्झ, रंगाच्या कारखान्यातला व्यापारी. जेम्स जॉइस त्याला इंग्रजी शिकवत असे. ‘झेनोची विवेकबुद्धी’ असे आपण त्या कादंबरीचे नाव मराठीत करू शकतो. तिचा नायक झेनो मनोविश्लेषकाच्या सांगण्यावरून आपली कहाणी लिहायला बसतो, आणि सुरुवातच होते ती सिगारेटपासून. हा झेनो जन्मभर शेवटची सिगारेट ओढत असतो. त्यासाठी तो सुरेख तारखा शोधतो : १८९९ च्या नवव्या महिन्याची नववी तारीख, १९०१ च्या पहिल्या महिन्याची पहिली. खोलीच्या भिंतींवर तो या तारखा लिहितो, आणि खोली सोडताना भिंतींना पदरच्या खर्चाने नवा कागद लावून द्यावा लागतो.

स्वेवो हे ऐकीव लिहीत नव्हता. त्याने बायकोला लिहिलेल्या पत्रांतही शेवटच्या सिगारेटच्या शपथा आहेत. १९२८ मध्ये मोटार अपघातानंतर तो मरणशय्येवर होता, तेव्हा त्याने एक सिगारेट मागितली आणि ही मात्र खरोखरच शेवटची ठरेल असे म्हणाला, अशी आख्यायिका सांगतात. मिळाली नाही.

झेनोने एक बारीक गोष्ट दाखवून दिली. शेवटची म्हणून ओढलेली सिगारेट सर्वांत चविष्ट लागते. उद्यापासून सोडायची आहे या विचारानेच आज ओढण्याला पुण्य चिकटते. संकल्पाची चटक लागते आणि सोडणे बाजूला राहते. आपल्याकडे ‘सोमवारपासून’ हा शब्द ज्या ठेक्यात उच्चारला जातो, त्यात झेनो सापडेल. म्हणजे पाय घसरलेल्या माणसापुढे दोन खड्डे असतात. ‘मी नालायकच आहे’ हा एक, आणि ‘काही हरकत नाही, पुन्हा चांगला मुहूर्त पाहू’ हा दुसरा. दोन्हीकडे शेवट एकच, सिगारेट चालू राहते.

आता एका साध्या गृहिणीची गोष्ट. ती न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेली आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत रोज सिपोलोन नावाची बाई राहत असे. १९४२ मध्ये सोळाव्या वर्षी तिने सिगारेट धरली. नवऱ्याला ते आवडत नसे. गरोदरपणी तिने सोडायचा प्रयत्न केला, आणि चोरून ओढत राहिली. १९८१ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी बजावले, तरी ते जमेना. १९८२ मध्ये एक फुप्फुस काढून टाकले, त्यानंतरही ती अधूनमधून लपून ओढत असे. रोग आता हाताबाहेर गेला आहे हे कळल्यावर १९८३ मध्ये ती थांबली, आणि १९८४ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, गेली.

तिने आणि तिच्या नवऱ्याने सिगारेट कंपन्यांवर दावा लावला होता. तिच्या पश्चात तो चालला. कंपन्यांचे म्हणणे असे की ओढायची की सोडायची हे तिच्या हातात होते, तिने स्वखुशीने ओढली. १९८८ च्या जूनमध्ये ज्युरीने नवऱ्याला चार लाख डॉलर भरपाई सांगितली. एखाद्या सिगारेट कंपनीला भरपाई द्यायला सांगणारा हा पहिलाच निकाल म्हणून तो गाजला. पण त्याच ज्युरीने दोषाची वाटणी केली, तेव्हा शंभरातले ऐंशी हिस्से रोजच्या पदरात टाकले. पुढे अपिलात ती भरपाईही रद्द झाली आणि १९९२ मध्ये दावा मागे घेण्यात आला.

ऐंशी टक्के दोष तिचा. आपल्या घरातल्या, ऑफिसातल्या किती जणांनी मनातल्या मनात हाच निकाल स्वतःविरुद्ध दिलेला असतो! आणि त्या निकालाचा फायदा कोणाला होत होता, तेही पाहण्यासारखे आहे. ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीच्या वरिष्ठ वकिलाने १९६३ मध्येच एका अंतर्गत टिपणात निकोटीन व्यसन लावते आणि आपला धंदा ते विकण्याचा आहे, असे नमूद केले होते. बाहेर मात्र कंपन्या सांगत राहिल्या की ही सवय आहे, मनात आणले की सुटते. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सात मोठ्या कंपन्यांचे प्रमुख संसदेच्या समितीपुढे ओळीने बसले, आणि निकोटीन व्यसन लावत नाही असे आपले मत असल्याचे प्रत्येकाने शपथेवर सांगितले. पुढच्याच महिन्यात त्या जुन्या टिपणासकट हजारो कागद वर्तमानपत्रांच्या आणि संशोधकांच्या हाती लागले. ज्याला सिगारेट सोडता येत नाही त्याने स्वतःला दुबळे समजावे, ही समजूत कंपन्यांच्या फार सोयीची होती. दोष त्याचा म्हटल्यावर मालाला कोण विचारतो?

शास्त्रज्ञांनाही ही गोष्ट समजायला वेळ लागला. अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा धूम्रपान आणि कर्करोग यांविषयीचा प्रसिद्ध अहवाल ११ जानेवारी १९६४ रोजी बाहेर आला. शेअर बाजाराला हादरा बसू नये आणि रविवारच्या वर्तमानपत्रांत बातमी ठळक यावी म्हणून मुद्दाम शनिवार निवडला होता. या अहवालाने कर्करोगाचा संबंध ठामपणे सांगितला, पण तंबाखूला व्यसन म्हटले नाही, सवय म्हटले. व्यसन हा शब्द यायला आणखी चोवीस वर्षे लागली. १९८८ च्या मे महिन्यात सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने सांगितले की निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे, आणि शरीर-मनावर त्याची पकड ज्या मार्गाने बसते तो हेरॉइन व कोकेनसारखाच आहे. रोज सिपोलोनच्या खटल्याचा निकाल त्यानंतर काही आठवड्यांनीच लागला.

पण व्यसन म्हटल्याने अर्धेच काम झाले. सोडलेले पुन्हा का धरले जाते? या प्रश्नाकडे नीट पाहणारे काही मानसशास्त्रज्ञ त्याआधीच कामाला लागले होते. १९७१ मध्ये हंट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा आलेख काढला. उपचार घेऊन हेरॉइन सोडलेले, दारू सोडलेले आणि सिगारेट सोडलेले लोक किती दिवसांनी परत फिरतात, याच्या तीन रेषा त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्ही जवळजवळ एकसारख्या निघाल्या. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश लोक परततात आणि मग रेषा सपाट होत जाते. टपरीवर सुटी मिळणारी सिगारेट आणि हेरॉइन यांची रेषा सारखी! त्या आलेखातून दोन गोष्टी कळल्या. घसरणारा माणूस एकटा नाही, बहुसंख्य त्याच्याबरोबर आहेत. आणि चढ आहे तो सुरुवातीचा, कायमचा नाही.

पुढे जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी या दोघांनी आपल्या आपण सिगारेट सोडणाऱ्या शेकडो लोकांचा अभ्यास केला, तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसले की माणूस एका उडीत पलीकडे जात नाही. आधी त्याला प्रश्नच वाटत नाही, मग विचार सुरू होतो, मग तयारी, मग प्रत्यक्ष सोडणे, मग ते टिकवणे. बहुतेक जण मधेच घसरतात आणि पुन्हा विचाराच्या पायरीवर येतात. कायमचे सुटण्याआधी तीन-चार फेऱ्या होणे हे नेहमीचेच आहे. पण महत्त्वाचे असे की घसरलेला माणूस सहसा अगदी तळाशी जात नाही. मागच्या फेरीत जे कळले ते त्याच्याजवळ राहते.

या विषयातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते सिएटलच्या विद्यापीठातले ॲलन मार्लेट यांचे काम. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये या विषयावर ग्रंथ काढला. पाय एकदा घसरणे आणि पूर्ववत व्यसनात पडणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. तोपर्यंत एक सिगारेट ओढली की संकल्प संपला, असेच धरले जाई. मार्लेट यांनी विचारले, त्या एका सिगारेटनंतर पुढच्या काही तासांत माणसाच्या मनात काय होते? त्यांचे उत्तर असे : जो म्हणतो ‘मी असाच आहे, माझ्यात दमच नाही’, त्याला अपराधी वाटते, अपराधीपणाने जीव कासावीस होतो, आणि कासावीस जिवाला शांत करण्याची जी एकच रीत त्याला वर्षानुवर्षे ठाऊक आहे, ती म्हणजे सिगारेट. म्हणून तो दुसरी पेटवतो. जो म्हणतो ‘काल लग्नात जुने मित्र भेटले, हातात ग्लास होता, तिथे मी सावध नव्हतो’, त्याच्या हाती एक माहिती येते. पुढच्या लग्नात तिचा उपयोग होतो.

बहुतेक घसरणी कुठे होतात, तेही त्यांनी नोंदवले. राग, चिंता, एकटेपणा अशी मनाची अवस्था, माणसांशी खटका, आणि चारचौघांचा आग्रह, ही प्रमुख ठिकाणे. कारण अगदी किरकोळ असू शकते. साहेब बोलले, गाडी चुकली, मित्राने पाकीट पुढे केले, एवढेही पुरते.

याचा अर्थ एखादी ओढली तर चालते, असा कोणी काढू नये. ती एक ओढल्यावर बहुतेक जण पुन्हा रोजच्या संख्येवर जातात, हे खरेच आहे. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि जुनी वाट लगेच मोकळी होते. म्हणूनच त्या पहिल्या सिगारेटनंतरचे तास मोलाचे. पाकिटात उरलेल्या नऊ सिगारेटी त्याच वेळी मोडून टाकायच्या, की ‘आता मोडलेच आहे तर’ म्हणून त्या संपवायच्या, इथे पुढचा रस्ता ठरतो. घसरगुंडीवर मधल्या पायरीला थांबता येते, तळ गाठायची सक्ती नसते.

शरीराची बाजूही सांभाळावी लागते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोप उडणे, लक्ष न लागणे, भूक वाढणे, हे सारे होते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. ती औषध काढून घेतल्याची तगमग असते, स्वभाव बिघडल्याची खूण नसते. यावर उपाय शोधला तो एका स्वीडिश माणसाने. हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीत ओव्हे फेर्नो नावाचे संशोधक होते आणि ते स्वतः सिगारेट ओढत. १९६७ मध्ये लुंडचे डॉक्टर क्लेस लुंडग्रेन यांनी त्यांना कळवले, की पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडात तंबाखू ठेवून वेळ निभावतात. यावरून निकोटीन धुराविना द्यावे, ही कल्पना निघाली आणि निकोटीनचा चघळण्याचा गम तयार झाला. गम, पट्टी किंवा डॉक्टरांनी दिलेली औषधे यांनी शरीराची तगमग कमी होते. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभर जणांतले सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसले. निकोटीनच्या गम किंवा पट्टीने टिकण्याची शक्यता साधारण दीडपट होते. मदत घेणे हा कमीपणा नाही, हे या आकड्यांवरून पटावे.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा तोंडात तंबाखू धरणारे कितीतरी जास्त आहेत. सिगारेट सोडली म्हणून चुना-तंबाखू मळायला लागलेले, विडी सोडून मशेरीकडे वळलेले लोक आपण पाहतो. हा पाणबुडीतल्या खलाशांचा उपाय झाला. तो व्यसन सोडवत नाही, फक्त धूर काढून टाकतो आणि कर्करोग तोंडात आणून ठेवतो. गममध्ये निकोटीन मोजून असते आणि ते ठरावीक काळाने कमी करत न्यायचे असते. तंबाखूच्या पुडीला असा शेवट नसतो.

तलफ आली की काय करायचे, यासाठी मार्लेट यांनी समुद्राच्या लाटेची उपमा दिली. लाट चढते, माथ्यावर येते आणि फुटते. तिच्याशी झुंजायचे नाही, तिला शरणही जायचे नाही, ती चढताना-उतरताना पाहत राहायचे. तलफ काही मिनिटांची असते. बौद्ध ध्यानाकडे त्यांचा ओढा होता, आणि त्याचा एक धागा आपल्या इगतपुरीपर्यंत येतो. गोएंका गुरुजींच्या परंपरेतली विपश्यनेची शिबिरे १९९७ पासून काही वर्षे सिएटलच्या एका तुरुंगात होत होती, आणि तिथे शिबिर केलेल्या व्यसनी कैद्यांचा अभ्यास मार्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला.

आपल्याकडेही ही समज वेगळ्या मार्गाने आलेली आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये गर्दच्या व्यसनींसाठी मुक्तांगण सुरू केले. व्यसनमुक्तीच्या अशा केंद्रांत आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांत ‘फक्त आजचा दिवस’ हा मंत्र असतो. जन्मभराची शपथ घेतली की एका चुकीने जन्मभराचे मोडते. आजचा दिवस मोडला तर उद्या पुन्हा एक दिवस मिळतो. आणि दुसरे म्हणजे तिथे माणूस एकटा नसतो. तुळशीची माळ घातल्यावर व्यसन सुटलेली माणसे खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्या शपथेमागेही दिंडी असते, एकादशी असते, चारचौघे विचारणारे असतात. रोज सिपोलोन लपून ओढत होती, तिला कोणाला सांगायची सोय नव्हती. घरच्यांनी हे लक्षात ठेवावे. नवरा, मुलगा किंवा भाऊ येऊन म्हणाला की आज एक ओढली, तर ‘वाटलेच होते’ म्हणू नये. त्याने ते सांगितले, हाच उपचाराचा भाग आहे. ‘कुठे ओढलीस, केव्हा?’ एवढे विचारावे आणि जेवायला वाढावे. घरी सांगणे जमत नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे : १८००-११-२३५६.

शेवटी, इतकी खटपट कशासाठी, ते सांगणारा एक हिशेब. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांनाच त्यांच्या सिगारेटविषयी विचारायला सुरुवात केली. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांचा मागोवा तब्बल पन्नास वर्षे घेतला गेला. २००४ मध्ये निकाल आला तेव्हा डॉल एक्क्याण्णव वर्षांचे होते; त्यांनी स्वतः सिगारेट या संशोधनाच्या सुरुवातीलाच सोडली होती. जन्मभर ओढत राहिलेल्यांचे आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली तीन वर्षे परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी.

या हिशेबात कोणी कितव्या प्रयत्नात सोडली, याचा रकाना नाही. पहिल्याच वेळी सुटलेल्याला आणि पाचव्या वेळी सुटलेल्याला वर्षे सारखीच मिळतात. तुमचा संकल्प काल मोडला असेल, तर नव्या पाडव्याची वाट पाहू नका. काल कुठे, कोणाबरोबर आणि कशामुळे ओढली ते एका कागदावर लिहा, उरलेले पाकीट मोडून टाका, आणि ज्याच्यापासून हे लपवावेसे वाटते आहे त्याला आज संध्याकाळच्या आत सांगा.